उलटी प्रदक्षिणा

दरीतल्या पुरातन देवळाला चहूबाजूंना एकसारखे दरवाजे होते आणि झाडी अशी माजलेली, की थांबलेल्या माणसाच्या खांद्यावर वेल चढावी. आयुष्यात रस्ता न चुकलेला बसड्रायव्हर दर्शन घेऊन बाहेर आला, तर पायरीवर ना चपला, ना त्या राखत बसलेली बायको. कुठल्या दाराने आत गेलो, तेच आठवेना. सकाळच्या भांडणात ती म्हणालीच होती, “देवळातून मी थेट भावाकडे.” गेली की काय? तो देवळाभोवती फिरफिर फिरला. सगळीकडे तोच दगडी हत्ती, तेच शेवाळ. उलटं फिरावं, तर देवाला उलटी प्रदक्षिणा कशी घालायची? शेवटी माफी मागून तो वळला आणि कोपऱ्यावरच बायकोला धडकला. तिच्या हातात त्याच्या चपला होत्या. “मीही मघापासून शोधत फिरतेय.” “मग उलटं फिरायचं ना.” “आज आधी तुम्हीच वळायचं, असं ठरवलं होतं.”