तिसरा कंट्रोलर

"पाणी पी, श्वास घे, मग खेळ." घरी खेळताना धाकट्या भावाचे हात थरथरायला लागले, की थोरला आपल्या कंट्रोलरवरून खेळ थांबवून हेच सांगायचा. थोरल्याला जाऊन आता वर्ष झालं.

आज धाकटा मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या जागतिक स्पर्धेत अंतिम सामना खेळत होता. शेवटचा डाव, हार अगदी तोंडाशी आलेली, आणि पडद्यावरचा खेळ आपोआप थांबला. धाकटा दचकला. मग बाटली उचलून सावकाश पाणी प्यायला.

पंचांनी माइक घेतला. "दोघांपैकी कुणीही बटण दाबलेलं नाही. तिसरा कंट्रोलर जोडलेला दिसतोय. कुणाच्या पिशवीत आहे? ज्या खेळाडूच्या माणसाकडे निघेल, त्याचा डाव बाद. कुणी पुढे आलं नाही, तर खेळ इथूनच सुरू होईल."

"येतंय कोण कबूल करायला!" प्रेक्षकांत बसलेल्या धाकट्याच्या आईकडे बघून शेजारच्या खुर्चीतला माणूस हसला. "काकू, तुमच्या लेकाला आयता दम खायला मिळाला. आता बघाच, जिंकतोय तो."

आईने मांडीवरची पिशवी हळूच उघडली. थोरल्याची आठवण म्हणून सोबत आणलेल्या त्याच्या कंट्रोलरवर हिरवा दिवा लागला होता.



त्यातले सेल तिने वर्षापूर्वीच काढून स्वयंपाकघरातल्या घड्याळात घातले होते. पण खोटं वागणार नाही, हा शब्द ती रोज सकाळी देवाला देत आली होती, म्हणून पिशवी छातीशी धरून ती पंचांच्या टेबलाकडे निघाली.