पान उलट

टेक्सासमधल्या पाळणाघरात सकाळपासून अकरा डायपर बदलून वैजूताईंची कंबर धरली होती, आणि आता हा फॉर्म. चार वर्षांची इत्सेल वाचायला शिकण्याइतकी तयार आहे का, ते आजच लिहून द्यायचं होतं. ‘नाही’ लिहिलं की पोरगी आणखी एक वर्ष धाकट्यांच्या वर्गात अडकणार.

इत्सेलचे आईवडील मेक्सिकोहून आलेले. इंग्रजीत काही विचारलं की ती नुसती स्वतःच्या बुटांकडे बघायची. समोर चित्रांचं पुस्तक उघडं होतं, पण ती त्याला बोट लावायला तयार नव्हती. आणि फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न होता, मूल आपणहून पानं उलटतं का?

इंग्रजीत सांगून सांगून ताई थकल्या. शेवटी वैतागून तोंडातून मराठीच निघालं, “अगं बये, उलट की ते पान!”

पोरीने चटकन मान वर केली. “पान?”

बाटल्या धुणारी सोकोरो खो खो हसली. “वैजू, आमच्या स्पॅनिशमध्ये पान म्हणजे पाव! हिचे पप्पा बेकरीत कामाला आहेत ना!”

इत्सेलने पुस्तक जवळ ओढलं. एक पान उलटलं, कोंबडी निघाली. दुसरं उलटलं, तर बसगाडी. “पान, पान” पुटपुटत ती पाव शोधत शेवटापर्यंत गेली, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

ताईंनी ‘हो’वर खूण केली. कशासाठी उलटते, हे फॉर्मने विचारलंच नव्हतं.