लखलखाट

"वीज सगळ्यांना परवडतेय," असं मंत्री छातीठोकपणे म्हणाले होते. त्याची खातरजमा करायला चॅनेलवाले शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या खोलीत आले. आत अंधार म्हणून त्यांनी आपले दोन भलेमोठे दिवे मावशींच्याच प्लगला जोडले.

मावशींनी साचलेलं सगळं ओकून टाकलं. "मोटर काढून ठेवलीय, पायानंच मशीन मारते. फ्रीज बंद आहे, त्यात गिऱ्हाइकांचे कपडे ठेवते. त्या मंत्र्याला म्हणावं, एक महिना इथं राहून दाखव!"

"झकास बोललात, मावशी!" बातमीदार म्हणाला.

घरचा टीव्ही केव्हाच बंद केलेला, म्हणून मावशी संध्याकाळी शेजारणीकडे बातम्या बघायला गेल्या. पडद्यावर ओठ मावशींचे हलत होते, आवाज मात्र निवेदिकेचा होता. "बघा, साध्या शिलाईवालीच्या घरातसुद्धा हा लखलखाट! दरवाढीची नुसती बोंबाबोंब."

शेजारीण हळूच वळली. "आणि आम्हाला सांगत होतात, एका बल्बवर भागवते म्हणून!"

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अगं, दिवे त्यांचे होते! मला खोटं पाडायला मेल्यांनी वीजसुद्धा माझीच जाळली!"