कोळशाच्या रेघेचं अंडं

"बाबा मेल्यावर सहा महिन्यांनी झालेली पोट्टी बाबाची कशी, म्हून समद्या हासतात. मी शाळेत जाणार नाही, आबा!" मैनाने पाटी आजोबांपुढे टाकली.

जानरावांनी समजूत घातली नाही. आदल्याच दिवशी मुंगसाने त्यांचा बोडक्या मानेचा कोंबडा मारला होता. त्यांनी पिसांनी भरल्या मानेची कोंबडी बांबूच्या डालीखाली कोंडली आणि त्यानंतर तिने घातलेल्या प्रत्येक अंड्यावर मैनाकडून कोळशाची रेघ मारून घेतली.

"याच्यातून काय निघते आता? कोंबडा तं गेला."

"तो गेला, पन त्याचं बीज कोंबडी दोन-दोन आठवडे पोटात जपून ठेवते. पाहू तं खरं."

अंडी उबवायला ठेवली. एकविसाव्या दिवशी सकाळी रेघेचं एक अंडं फुटलं. ओलं पिल्लू बाहेर आलं, मानेवर एक पीस नाही.

मैनाने आपल्या हनुवटीवर बोट ठेवलं. "आबा, ही खळी?"

"तुह्या बापाची. माह्या देवमनची."

मैनाने पाटी काखेत मारली. "पिल्लू शाळेत नेऊ?"

"त्याले आधी वाळू तं दे, माय!"