गोल वाट

नवरा आयुष्यभर लोकांच्या अंगणात फरश्या बसवत आला. आता मात्र फाटक उघडं दिसलं की तो निघून जायचा. दोनदा शेजाऱ्यांनी चौकातून परत आणून सोडला. कुलूप लावलं, तर फाटकाचे गज धरून रडत बसला.

शेवटी बायकोने फाटकाकडे जाणारी वाट उखडली आणि त्याच फरश्यांची नवी वाट मांडायला घेतली. दारातून निघायची, झाडाला वळसा घालून पुन्हा दाराशीच यायची.

ठोकाठोक ऐकून तो बाहेर आला आणि तिच्याशेजारी उकिडवा बसला. वाळू सारखी केली, फरशी टेकवली, हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकून पाहिली. हात काही विसरले नव्हते.

"वहिनी, तुमचं काहीतरी चुकतंय," तो म्हणाला. "ही तर परत घरातच येते."

"तशीच हवीय. आमचे हे सारखे बाहेर पडतात. चालणं तर व्हावं, पण हरवू नयेत."

"फार त्रास देतात का हो?"

"त्रास नाही. ओळखत नाहीत, एवढंच."

त्याने पुढची फरशी उचलली. ऊन उतरेपर्यंत दोघांनी मिळून वाट पुरी केली. मग उठून, हात झटकत त्याने ती एकदा नजरेने मोजली.

"झाडाखाली एक बाक तेवढा ठेवा, वहिनी. ते काय, चालत राहतील. त्यांच्यामागे फिरून पाय तुमचे दुखतील."