अबोला

शत्रूच्या अधिकाऱ्यांचे गणवेश शिवते म्हणून शिंपिणीला सगळी गल्ली घरभेदी म्हणायची. सासूने तर तीन वर्षं अबोला धरला होता. मापं घेताना कानावर पडलेलं ती चिठ्ठीत लिहून गुप्त गटाला पाठवते, हे दोघांतिघांनाच ठाऊक होतं.

युद्ध जिंकलं. गटातली माणसं शाळेच्या वर्गात पहिल्यांदाच एकमेकांना भेटली.

"तुमच्या चिठ्ठ्या चौक्या चुकवून पलीकडे नेल्या त्या ह्या बाईंनी," प्रमुख शिंपिणीला म्हणाले.

समोर सासू उभी!

"अगं बाई! म्हणजे तुझ्याच चिठ्ठ्या अंबाड्यात खोचून मी तुझ्याकडेच पाठ फिरवत होते?"

दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"बरंच झालं, आई," सून म्हणाली. "मायेने एक शब्द बोलला असतात, तर मी सगळं सांगून बसले असते."