दोन जीपा आन् एक पांदण

"डिझेलवाली घ्या म्याडम," महारुद्र म्हणला. "ही चिखल काय, विहिरीतूनसुद्धा चढून येईल."

पांदणीच्या तोंडाशी दोन जीपा उभ्या होत्या. दोन्ही जुन्या, दोन्ही हिरव्या, दोन्हींची चारी चाकं ओढणारी. फरक एवढाच, की एकीच्या पोटात डिझेलचं इंजन आन् दुसरीच्या पेट्रोलचं. जुन्या गाड्या विकणाऱ्या महारुद्रानं आन् त्याच्या मेस्त्रीनं त्या जिंतूरहून हाणत आणल्या होत्या. दोघींतली एक माघारी जाणार होती.

कोणती, ते धम्मशीलाला आजच ठरवायचं होतं. ती ढोरांची डाक्टर. घटसर्पाची साथ शेजारच्या गावात आली होती आन् पांदणीच्या पल्याड लिंबाजीकाकाच्या वस्तीवर सत्तर जनावरं बिगरलशीची होती. मधी दोन किलोमीटर काळी माती. ती मातीसुद्धा अशी, की मागच्या साली एका माणसाची चप्पल तिच्यात गेली, ती थेट दिवाळीला वर आली, आन् तवर तिला पालवी फुटली होती. परवा धम्मशीलाची स्कूटी तिथंच बसली. पाच माणसांनी उपटून काढली. लशीचा डबा तसाच माघारी आला. आज लस गेली न्हाई, तर साथ वस्तीवर आधी पोचणार होती.

"पेट्रोलवाली घे," तिची मालनआत्या म्हणली. ती पेट्रोलच्या जीपीत आधीच मांडी घालून बसली होती.

"का गं आत्या?"

"ढोरं इंजन वळखतात. आमच्या सासरी एक म्हैस व्हती. चुडाव्याच्या टेसनात कोणती गाडी यायलीय आन् किती लेट हाय, ते शिंगं हालवून सांगायची. मास्तर तिला इचारल्याबिगर घंटी वाजवत नव्हता."

महारुद्र पोट धरून हसला. धम्मशीलाबी हसली. आत्याच्या थापा ताडकळसच्या बाजारापर्यंत नावाजलेल्या होत्या.

"मावशी, म्हैस बांधा खुट्याला," महारुद्र म्हणला. "आता हिची वढ बगा."

त्यानं डिझेल चालू केली. धडधड अशी, की बाभळीवरचे कावळे उडाले ते पूर्णेला जाऊन बसले. धम्मशीला शेजारी बसली. ताकातून रवी फिरावी तशी जीप चिखलातून निघाली. गुडघाभर गारा दोन्ही अंगाला उडायला लागला, पण चाक कुठं अडलं न्हाई. दहा मिनिटांत वस्ती! धम्मशीलाच्या मनानं डिझेल घेऊनच टाकली.

मग तिनं गोठ्यात बघितलं. दावी होती. ढोरं नव्हती.

बैल खुटे उपटून पसार. म्हशी कुंपण मोडून हळदीच्या रानात. एक गाय कडब्याच्या गंजीवर चढून बसली होती. कशी चढली ते तिचं तिलाच ठाव. टोचायला मागं राहिला तो एकटा कोंबडा.

"काय करायलाव गा!" लिंबाजीकाका धोतर सावरत बोंबलले. "बंद करा ते डबडं! ढोरं पुरी जिल्ह्याबाहेर जायलीत!"

इंजन बंद केलं तरी एक शेपूट माघारी वळलं न्हाई. शेवटी जीप परत फिरली. तिचा आवाज पांदणीत विरला, तवा कुठं ढोरं एकेक करत गोठ्याकडं यायला लागली.

घटकाभरानं धम्मशीलानं पेट्रोलवाली काढली. लशीचा डबा मांडीवर घेऊन आत्या शेजारी. महारुद्र मागच्या शिटावर. इंजन असं हळू, की मांजर घुरघुरल्यावानी. जीप पांदण तोडत चालली, घसरली, सावरली, परत चालली. गोठा वीस पावलांवर आला आन् जीप डचकन खाली बसली. चारी चाकं जागच्या जागी फिरली. जीप आणखीन खाली गेली.

"बगा!" महारुद्राला हुरूप आला. "सांगत नव्हतो?"

धम्मशीलाचं ध्यान तिकडं नव्हतं. ती गोठ्याकडं बघत होती. सत्तरच्या सत्तर जनावरं दावणीला उभी. कुणी रवंथ करायलंय, कुणी जीपीकडं मान वाकडी करून बघायलंय. गंजीवरची गायसुद्धा उतरली होती.

तिनं साडीचा सोगा खोचला, डबा डोक्यावर घेतला आन् गुडघाभर चिखलातून वीस पावलं तुडवत गेली. लिंबाजीकाका एकेकाचं कान-शिंग धरत गेले, ती टोचत गेली. दिवस कलायच्या आत सत्तर टोचून झाली. कोंबडा तेवढा वाचला.

मग काकानं दोन बैलजोड्या आणल्या. जीपीला साखळी लावली. "हो रं!" म्हणल्याबरोबर मातीनं जीप थुंकून टाकली.

"आणखीन इचार करा म्याडम," महारुद्र म्हणला. "ही फसती."

"फसू द्या की," धम्मशीला म्हणली. "वढायला बैल तर जागंवर ऱ्हातेत!"

लिंबाजीकाका असे हसले, की फेटा सुटून चिखलात पडला. धम्मशीलानं पेट्रोलच्या जीपीची चावी कमरेला खोचली.

आत्या मात्र हसली न्हाई. ती महारुद्राकडं बारीक डोळे करून बघत होती.

"म्हारुद्रा, इमानदारीनं सांग. ती डिझेल पयल्यानं कुणाची व्हती?"

महारुद्रानं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"ह्याच भागातल्या जुन्या डाक्टराची," तो हळूच म्हणला. "ढोरांच्या."